काला अंबची थंडी आणि डिझेलचा हीटर

दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रातून काही गाड्या उत्तरेची वाट धरतात. संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला, त्यांना पानिपतजवळच्या काला अंबला पोचायचं असतं. १७६१ साली याच तारखेला सदाशिवरावभाऊंची फौज अब्दालीशी इथे लढली. रक्ताने भिजून काळ्या पडलेल्या आंब्याच्या झाडाची आख्यायिका या जागेला चिकटली आहे. आज तिथे बाग आहे आणि विटांचा एक साधा स्तंभ. स्वतःला त्या सैन्याचे वंशज मानणारा हरियाणातला रोड समाज याच दिवशी, शौर्य दिनाला, इथे मोठ्या संख्येने जमतो. २०२५ च्या कार्यक्रमाला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही आले होते. पुण्याहून हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर आहे, आणि जुनी का होईना, आपल्या घरच्या गाडीने जायचं ही अनेकांची हौस असते. मला ती हौस मनापासून पटते. त्या मातीपर्यंत रस्त्याने जाण्यातच त्या काळच्या अंतराचा खरा अंदाज येतो.

मात्र हा रस्ता डिझेल गाडीची एक परीक्षा घेतो, जी महाराष्ट्रात सहसा होतच नाही. पानिपतच्या भागात जानेवारीत पहाटेचा पारा सहा-सात अंशांवर असतो आणि थंडीची लाट आली की दोन-तीनवर उतरतो. सोबत दाट धुकं. घरी अर्ध्या सेल्फवर चालू होणारी गाडी इथे नुसती घुरघुरत राहते, मागून पांढरा धूर सोडते आणि बॅटरी संपवते. मग कुणी म्हणतं पंप गेला, कुणी म्हणतं कंप्रेशन गेलं. बहुतेक वेळा गेलेला असतो तो इंजिनातला सगळ्यात दुर्लक्षित भाग, ग्लो प्लग. गॅरेजात त्याला हीटरच म्हणतात.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये आलेली हवा पिस्टन जोरात दाबतो, दाबामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वीपणे चाललं ते याच तत्त्वावर. आता हिशेब पाहू. दाबाचं गुणोत्तर बावीस असलेलं इंजिन सेल्फवर सावकाश फिरतं तेव्हा हवेतली बरीच उष्णता थंडगार लोखंड शोषून घेतं. हा तोटा धरला, तर ३० अंशांची हवा दाबाच्या शेवटी ढोबळमानाने ३८० अंशांपर्यंत जाते आणि ४ अंशांची हवा सव्वातीनशेच्या आसपास थांबते. बाहेर २६ अंशांची असलेली तूट आत दुपटीहून मोठी झाली. डिझेल आपोआप पेटायला २१० ते २५० अंश पुरतात असं पुस्तकात वाचायला मिळतं. पण तो आकडा भरपूर वेळ दिल्यानंतरचा आहे. फिरत्या इंजिनात फवाऱ्याला सेकंदाचा पन्नासावा भागही मिळत नाही. त्यात जुन्या इंजिनाच्या झिजलेल्या रिंगांमधून हवा निसटते, थंडीने तेल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोरही उतरतो. शून्य अंशाला शिसे-आम्लाची चांगली बॅटरीसुद्धा उन्हाळ्यातल्या ताकदीच्या दोन तृतीयांशच ताकद देते. सेल्फ हळू फिरला की हवा दाबायला वेळ जास्त लागतो, आणि तेवढीच उष्णता जास्त निसटते. सगळ्या गोष्टी एकाच वेळी विरोधात जातात, म्हणून थंडीतला बिघाड हळूहळू न येता एका पहाटे एकदम समोर उभा राहतो.

इथे कुणालाही प्रश्न पडेल, की मग उसाच्या मळ्यातलं किर्लोस्करचं किंवा साताऱ्याच्या कूपरचं जुनं इंजिन कडाक्याच्या थंडीतही नुसतं हँडल मारून कसं चालू व्हायचं? त्याला तर हीटर नव्हताच. उत्तर इंजिनाच्या पोटाच्या आकारात आहे. त्या इंजिनांचा सिलिंडर मोठा, आणि मोठ्या सिलिंडरमध्ये हवेच्या मानाने भिंती कमी असल्याने उष्णता कमी पळते. डिकंप्रेशनचा खटका उचलून ते अवजड चाक वेगात आणायचं आणि खटका सोडायचा, की चाकाचा जोरच पहिला दाब पार करून द्यायचा. मोटारीचं डिझेल इंजिन असं नव्हतं. आवाज आणि धक्के कमी व्हावेत म्हणून जुन्या मोटारींमध्ये डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता हेडमधल्या एका छोट्या कोठडीत फवारत. कोठडी लहान, भिंती जास्त, म्हणून उष्णतेची गळतीही जास्त. त्यामुळे दाबाचं गुणोत्तर एकवीस ते तेवीसपर्यंत चढवावं लागलं आणि तरीही प्रत्येक कोठडीत एक हीटर बसवावा लागला. टाटांनी १९९८ च्या अखेरीस पुण्यातून आणलेल्या इंडिकाचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन याच जातीचं. झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये आलेलं पूजोचं १५२७ सीसीचं इंजिन तेवीस गुणोत्तराचं, तेही याच जातीचं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरसाठी मर्सिडीजचं ओएम ६१६ हे इंजिन घेतलं, तेही असंच कोठडीवालं. नंतर कॉमन रेल आलं, डिझेल थेट सिलिंडरमध्ये प्रचंड दाबाने फवारलं जाऊ लागलं आणि गुणोत्तर सतरा-अठरापर्यंत उतरलं. मानेसर आणि रांजणगावला बनलेलं, स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसलेलं फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट हे त्याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण.

आता खुद्द हीटरकडे वळू. आजचा नेहमीचा प्लग पेन्सिलीसारखा असतो. निकेलच्या मिश्रधातूची बंद नळी, तिच्या टोकाला लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या तारेचं वेटोळं आणि भोवती गच्च दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ही पूड वीज अडवते पण उष्णता पुढे जाऊ देते. चांगल्या प्लगमध्ये मागे आणखी एक वेटोळं असतं, त्याचा विरोध तापेल तसा वाढत जातो. त्यामुळे सुरुवातीला भरपूर करंट घेऊन टोक काही सेकंदांत लाल होतं आणि मग प्लग स्वतःच करंट आवरतो, जळून जात नाही. सुरुवातीचा करंट एका प्लगला पंधरा-वीस अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. चार सिलिंडर मिळून साठ-ऐंशी अँपिअरपर्यंत. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण सुधारणेचा सगळा विचार त्याच्याभोवती फिरतो.

त्याआधीची पद्धत वेगळी होती. सत्तरच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत प्लगच्या टोकाला जाड तारेचं उघडं वेटोळं असे आणि सगळे प्लग एकामागोमाग एकाच वाटेवर जोडलेले असत. प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन व्होल्ट येत. एक तार तुटली की चारही थंड. तापायला अर्धा ते एक मिनिट लागे, आणि डॅशबोर्डवर एक छोटी जाळीदार डबी लाल होईपर्यंत चालक वाट पाहत बसे. मर्सिडीजने १९८० च्या आसपास हे सोडून समांतर जोडणीचे पेन्सिल प्लग घेतले. जुन्या डिझेलचे शौकीन आजही जी सुधारणा सर्वात आधी करतात ती हीच: उघड्या वेटोळ्याऐवजी पेन्सिल प्लग, प्रत्येकाला स्वतंत्र पुरवठा, मध्ये जाड रिले आणि पट्टीचा फ्यूज. मात्र आटे जुळले म्हणून प्लग जुळला असं नाही. टोक कोठडीत किती आत जातं हे मापाने तपासल्याशिवाय नवा प्लग आवळू नये. टोक लांब झालं तर फवाऱ्याच्या वाटेत येऊन जळतं किंवा धातूला टेकतं, आणि आखूड झालं तर नुसतं भोक तापवत बसतं.

बहुतेक लोक सुधारणा म्हणजे भारी कंपनीचे चार नवे प्लग एवढंच समजतात. माझं मत याच्या उलट आहे. प्लगआधी वायर. पन्नास अँपिअर वाहणाऱ्या वाटेवर नुसता ०.०४ ओहमचा विरोध आला तरी दोन व्होल्ट गळतात. ०.०४ ओहम म्हणजे गंजलेली एक कानपट्टी, किंवा ढिली पडलेली अर्थिंगची एक पट्टी, किंवा रिलेचे काळे पडलेले दोन पॉइंट. आता पाहा, साडेअकरा व्होल्टऐवजी प्लगला साडेनऊ मिळाले तर उष्णता किती कमी झाली? उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणून तूट एक तृतीयांशाची येते. नवा कोरा प्लग जुन्या वायरीवर टाकला तर त्याची एक तृतीयांश ताकद बॅटरी आणि इंजिन यांच्यामधल्या गंजामुळे कमी होते. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत असं घडणं अगदी नेहमीचं आहे, आणि ते दिसत नाही, कारण दिवा तरी लागतोच. डॅशबोर्डवरचा तो नारिंगी वेटोळ्याचा दिवा जुन्या गाडीत फक्त टायमर सांगतो. प्लग लाल झाला की नाही, याची त्याला काहीच खबर नसते.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा. आधी बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि इंजिन थंड असताना हीटर द्यायचा आणि प्लगच्या माथ्यावर मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघायचं. बॅटरीच्या टोकांवरचं आणि इथलं व्होल्टेज यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वाटेत आहे. मग बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या ब्लॉकपर्यंतचा फरक मोजायचा. अर्थिंग खराब असेल तर ती इथे उघडी पडते. त्यानंतर क्लॅम्प मीटर असेल तर पुरवठ्याच्या मुख्य वायरीवर लावावा. चारपैकी एक प्लग मेला की एकूण करंट तीन चतुर्थांशावर येतो, म्हणजे काहीही न खोलता मेलेल्या प्लगांची संख्या कळते. कोणता मेला ते ओळखायला प्लगांना जोडणारी पट्टी सोडून एकेका प्लगचा विरोध मोजायचा. चांगला प्लग थंड असताना साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो, मेलेला अनंत. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा विरोध आधी मोजून वजा करायला विसरू नये, कारण एवढ्या लहान आकड्यांत तो मोठा ठरतो.

पुण्यात किंवा कोल्हापुरात चारांतले दोन हीटर मेलेले असले तरी गाडी चालू होते. जरा जास्त सेल्फ, जरा पांढरा धूर, बस्स. आपली उष्ण हवा हा दोष झाकून ठेवते. महाराष्ट्रात तो उघडा पाडणारी जागा शोधायची तर ती निफाड. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. द्राक्ष उतरवायच्या हंगामात मालाच्या पिकअप पहाटे निघायलाच हव्यात, त्यामुळे तिथे हीटरकडे दुर्लक्ष करून चालत नाही. काला अंबला जायच्या आधी गाडीची परीक्षा घ्यायची असेल तर तिला जानेवारीतली एक रात्र निफाडच्या बाजूला उघड्यावर उभी करावी. तिथे पहिल्या सेल्फला बोलली तर पानिपतलाही बोलेल.

प्लग घेताना पहिली गोष्ट बघायची ती व्होल्टेज. जुन्या गाड्यांचे प्लग साधारण अकरा-बारा व्होल्टचे. नंतरच्या अनेक कॉमन रेल गाड्यांत मात्र चार-पाच किंवा सात व्होल्टचे प्लग आले. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक त्यांना पहिले एक-दोन सेकंद पूर्ण व्होल्टेज देतो, मग वीज झपाझप चालू-बंद करत सरासरी खाली आणतो. असा प्लग बॅटरीला थेट लावून तपासणं म्हणजे तो जाळणंच आहे, आणि सिलिकॉन नायट्राइडचा सिरॅमिक प्लग असेल तर टोक फुटून डोळ्यात तुकडा जायची भीती. सिरॅमिक प्लग हजार अंशांच्या कितीतरी वर जातात आणि झटकन तापतात, पण ज्या गाडीत मुळात धातूचा प्लग आहे तिच्यात ते परस्पर बसवू नयेत. नियंत्रक त्यांच्या भाषेत बोलत नाही. जुन्या इंडिकासारख्या गाडीत खरी फायद्याची सुधारणा आहे ती दोन वेटोळ्यांचे, जलद तापणारे प्लग आणि इंजिन चालू झाल्यावरही काही काळ हीटर सुरू ठेवणारा टायमर. चालू झाल्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत थंड सिलिंडरमधलं डिझेल अर्धवट जळतं. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर तो हाच. या काळात हीटर सुरू राहिला तर धूर झटक्यात कमी होतो आणि इंजिनाची खडखडही. मात्र एकच वेटोळं असलेला जुना प्लग अशा टायमरवर टाकला तर तो फार टिकत नाही. प्लग आणि टायमर एकमेकांचे असावे लागतात.

काढताना घाई करू नये. वर्षानुवर्षं काजळीत बसलेला प्लग आट्यांत धरून बसतो, आणि गोटीपान्याला जास्त जोर दिला की अर्धा हातात आणि अर्धा हेडमध्ये. मग बहुधा हेड उतरवावं लागतं, आणि काहीशे रुपयांच्या कामाचे हजारो होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडायचं, दुसऱ्या दिवशी इंजिन गरम करायचं आणि थोडं सैल, थोडं आवळ असं करत सोडवायचं. बसवताना दहा मिलिमीटरच्या आट्यांना साधारण पंधरा न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. बाहेर आलेल्या प्लगचं टोक वितळलेलं किंवा खाल्लेलं दिसलं तर नवा प्लग घालायच्या आधी त्या सिलिंडरचं नोजल तपासून घ्यावं. नोजल थेंब टाकत असेल तर नवा प्लगही त्याच वाटेने जाईल.

डिझेलचंही बघायला हवं. आपल्या भारतीय मानकात हिवाळ्याच्या डिझेलला फिल्टर तुंबण्याची मर्यादा ६ अंश आहे आणि उन्हाळ्याच्या डिझेलला १८ अंश. गाडी घरी महिनोन्‌महिने उभी असेल आणि टाकीत जुनं डिझेल असेल तर ते पानिपतच्या पहाटे मेणासारखं घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकू शकतं, आणि मग हीटर कितीही लाल झाला तरी पेटवायला काही पोचतच नाही. टाकी जवळजवळ रिकामी करून उत्तरेत शिरावं आणि तिथेच भरावी. पानिपतला तर इंडियन ऑइलचा मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्पच आहे. काही ट्रकवाले टाकीखाली चिंध्या पेटवून डिझेल पातळ करतात. ते पाहून कुणी तसं करू नये. तसंच, हीटर असलेल्या इंजिनात हवेच्या वाटेतून ईथरचा फवारा मारू नये. लाल प्लगवर ईथर गेला तर पिस्टन वर येण्याआधीच स्फोट होतो आणि रिंग किंवा कनेक्टिंग रॉड जातो.

या सगळ्यात कायद्याचा भाग विसरता येत नाही, कारण पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना या क्षेत्रात बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तीच भूमिका कायम ठेवली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने जुन्या गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असं म्हटलं, आणि डिसेंबरमध्ये तो दिलासा बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता ठेवला. म्हणजे ज्या कोठडीवाल्या इंडिकाला, जुन्या ट्रॅक्सला हीटरची खरी गरज आहे, तिला घेऊन काला अंबला जाण्याची वाट आज कायद्याने बंद आहे. मला याचं वाईट वाटतं, पण दिल्लीच्या हिवाळ्यातली हवा ज्याने छातीत घेतली आहे तो या नियमाशी फार भांडणार नाही. आपली गाडी कोणत्या गटात आहे ते आरसीवर बघावं, मॉडेलच्या नावावरून ठरवू नये. मुंबई, पुणे आणि सोलापुरात बीएस-४ २०१० मध्ये लागू झालं आणि देशभर ते १ एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे एकाच मॉडेलची, एकाच वर्षाची गाडी पुण्यात बीएस-४ आणि दुसऱ्या जिल्ह्यात बीएस-३ असू शकते. शिवाय प्रदूषण वाढून निर्बंधांचा तिसरा टप्पा लागला की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर या भागांत बीएस-४ डिझेल मोटारींनाही रोखलं जातं. दिल्लीला वळसा घालणारा कुंडली-मानेसर-पलवल मार्ग गुरुग्राम जिल्ह्यातून जातो, म्हणून निघायच्या दिवशी कोणता टप्पा लागू आहे ते पाहूनच मार्ग ठरवावा.

बीएस-४ कॉमन रेल गाडी चार अंशांतही हीटरशिवाय बहुधा चालू होईल. पण मेलेले प्लग असतील तर ती धूर ओकत, थरथरत चालू होईल. धुरातले काजळीचे कण गाळणारा फिल्टर असलेल्या गाडीत तर प्लग किंवा त्यांचा नियंत्रक खराब असताना काही मॉडेलं फिल्टरमधली काजळी जाळून टाकण्याची क्रियाच थांबवतात. मग महिनाभराने फिल्टर तुंबल्याचा दिवा लागतो आणि मूळ कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

पहाटे गाडी काढताना हेडलाइट, पंखा, काचेचा हीटर सगळं बंद ठेवावं. चावी ‘ऑन’पर्यंत फिरवून हीटरचा दिवा विझू द्यावा, आणि जुनी गाडी असेल तर चावी बंद करून पुन्हा एकदा तसंच करावं, म्हणजे कोठडी दोनदा तापते. मग क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारावा. क्लच दाबला की गिअरबॉक्समधलं घट्ट तेल ढवळण्याचं ओझं सेल्फवरून उतरतं. दहा सेकंदांत पेटली नाही तर थांबावं, बॅटरीला अर्धा मिनिट श्वास घेऊ द्यावा आणि हीटर पुन्हा द्यावा. चालू झाल्यावर ॲक्सिलरेटर दाबून गरम करण्याच्या फंदात पडू नये. मिनिटभर मंद चालवून हलक्या पायाने निघावं. धूर दोन-तीन किलोमीटरमध्ये पूर्ण गेला तर हीटरचं काम चोख झालं. तेवढं जाऊनही पांढरा धूर येतच राहिला आणि इंजिन एका सिलिंडरवर अडखळत असेल, तर आता हीटरला दोष न देता नोजल आणि कंप्रेशन तपासायला घ्यावं.